सेक्रेटरीवर ५०० रुपये दंड

आमच्या पोट्ट्याला मे महिन्यात चष्मा लागला, वय ९, दोन्ही डोळ्यांना मायनस दीड. डॉक्टरांनी मशीनमागून डोकं काढलं अन् मला विचारलं, "हा बाहेर किती वेळ असतो?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, बिचारा कुठेच जात नाही डॉक्टर, दिवसभर घरातच असतो. वाटलं आता शाबासकी मिळेल. तर मलाच झापलं ना! म्हणे या वयात डोळ्याचा गोळा वाढत असतो, तो जास्त लांबला की मायनस नंबर येतो, अन् मोकळ्यावरच्या उजेडात राहिलं तर नंबर लागायचा धोका कमी होतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली ३००-५०० लक्स उजेड, बाहेर ढगाळ असलं तरी १० हजाराच्या आसपास, मग कुठून बरोबरी होणार. "याला तर लागला, आता निदान धाकटीला तरी घराबाहेर काढा, रोज दोन तास. अन् यालाही काढा, डोळे सोडून बाकीचं अंग आहे ना त्याला." जागतिक आरोग्य संघटना म्हणते म्हणे, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी दम लागेल असं खेळलं पाहिजे, अन् हाडं पक्की व्हायला आठवड्यातून ३ दिवस उड्याबिड्या मारल्या पाहिजेत.

"दम लागेल असं" हे मी मोबाईलमध्ये टाइप करून घेतलं.

आता मला सांगा, नागपुरात मे महिन्यात दोन तास बाहेर म्हणजे काय? आमच्याकडे उन्हापायी शाळासुद्धा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, पार जून संपता संपता उघडते. त्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. सकाळी आठला असं ऊन की कावळा पण सावली पाहून बसते, अन् रात्री नऊला अंगणातली फरशी चटके देते. मग उरली पहाट. साडेपाचला दोघांना उठवून फुटाळा तलावावर नेलं (उठवण्यातच माझा त्या दिवसाचा व्यायाम झाला), दहा मिनिटं चालले, बाकावर बसले, अन् पोट्टा म्हणाला, "बाबा, इथे पोहे कुठे मिळतात?" तर्री पोहे खाल्ले. दम लागला खरा, पण तो तर्रीनं. चार दिवसांत मुलांचं काही झालं नाही, माझी पँट मात्र घट्ट झाली.

पाचव्या दिवशी साहेब उठलेच नाहीत. पांघरुणातून आवाज आला, "दिव्या देशमुख आपल्या नागपूरचीच आहे ना? ती तर बसूनच खेळते." आता ती पोरगी २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली, फायनलमध्ये कोनेरू हंपीला हरवून थेट ग्रँडमास्टर झाली, तिच्याविरुद्ध मी काय बोलणार? मी म्हटलं, तू तर कॅरम पण झोपून खेळतो. पण ते काही जमलं नाही.

मग बायको म्हणाली, "एवढं लांब कशाला, संध्याकाळी खालीच खेळा ना, पार्किंगमध्ये." मी गप्प. कारण खाली भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलंय, पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे, दंड ५०० रुपये, हुकमावरून सेक्रेटरी. सेक्रेटरी मीच. दोन वर्षांपूर्वी कोणाचा तरी बॉल माझ्या गाडीच्या दारावर बसला होता, तो पोचा अजून आहे.

तरी सहा वाजून गेल्यावर गेलो. वरच्या मजल्यावर कोणी बाथरूमचं काम काढलं होतं, त्याच्या फुटक्या टाइल्स उचलल्या, सातची लगोरी रचली. समजावून सांगायलाच पंधरा मिनिटं. "पॉइंट किती भेटतात काका?" "लाइफ किती?" मी म्हटलं, बाप्पा, एकच, पाठीत बॉल बसला की संपला. तेवढ्यात कुठून कुठून पोट्टे आले, दहा-अकरा तरी. मी या बिल्डिंगचा सेक्रेटरी अन् मला वाटायचं इथे तीनच मुलं आहेत.

अन् मग काय सांगू. लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीत खेळलेलं अंगात कुठेतरी शिल्लक होतं. पहिल्या पाच मिनिटांत चपलेचा अंगठा तुटला, मग अनवाणीच. धाकटी कधी नव्हे ती किंचाळत होती, पोट्ट्यानं चष्मा काढून माझ्या खिशात कोंबला अन् गाड्यांच्या मधून असा पळाला की हा आपलाच का, असं वाटलं. मला दम लागला होता, सणसणून लागला होता, कोणी मध्ये थांबू देत नव्हतं. कोणीतरी ओरडलं, "काका, मारा ना!" अन् मी मारला.

बॉल कोणालाच लागला नाही. तो तळमजल्यावरच्या काकूंच्या कूलरची ताटी फाडून आत गेला, आतून डुबुक असा आवाज आला, अन् पंप बंद पडला.

नवतप्यात कूलर बंद! त्यापेक्षा गाडीची काच परवडली असती. मागे वळून पाहिलं तर पार्किंग रिकामं, एक पोट्टा नाही, माझे दोन्ही धरून. दार उघडलं.

"कोण आहे बे तिथं?" काकू म्हणाल्या, अन् मग नीट पाहून, "अगं बाई, भाऊ, तुम्ही?"

पंप तर करून देईनच, पण काकूंना बोर्ड पाठ होता. रात्री कपाटातून सोसायटीचं पावतीबुक काढलं. घेणारा मी, देणारा मी, खाली सही पण माझीच. फक्त "कारण" असं छापलेल्या रेघेपाशी पेन अडला. बराच विचार करून लिहिलं, "दम लागेल असं."

दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. दारात सात पोट्टे, एकाच्या हातात नवा बॉल.