‘वास आला की पळा’ एवढंच मुलांना सांगू नका

तेलविहिरी, पंपजॅक (विहिरीतून तेल उपसणारा, वर-खाली डुलणारा पंप), साठवण टाक्या किंवा गॅसच्या पाइपलाइनजवळ राहणाऱ्या पालकांसाठी म्हणून एक मेसेज बराच फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मुलांना उगाच घाबरवू नका. या जागांना कुंपण असतं, पाट्या असतात. यंत्र बंद असेल तर धोका नाही. गॅस गळला तर वास येतोच, वास आला की पळायचं. काडी पेटवली नाही तर आग लागत नाही. लहानांना ‘हात लावू नको’ एवढं सांगितलं की पुरे, मोठ्या मुलांना आपलं आपण कळतं. आणि जास्त शिकवलं तर कुतूहल वाढून मुलं मुद्दाम तिकडे जातात.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातलं एक वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

“गॅस गळला तर वास येतोच.”

घरच्या गॅसला येणारा उग्र वास मुळात गॅसचा नसतोच. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला ना रंग ना वास. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखं गंधद्रव्य मागाहून मिसळतात. ही सक्ती एका शाळेतल्या अपघातानंतर आली. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा गॅस साचत गेला, कोणाला पत्ताही लागला नाही, आणि एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली. सुमारे 300 मुलं आणि शिक्षक त्यात गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला. पण हा वास साधारणपणे गॅस ग्राहकापर्यंत पोहोचवण्याच्या टप्प्यावर मिसळला जातो. विहिरीच्या तोंडाशी, टाकीवर आणि लांब पल्ल्याच्या कित्येक पाइपलाइनमध्ये तो नसतो. म्हणजे घरात ज्या नाकावर भिस्त ठेवायची, ते इथे उपयोगाचं नाही.

बरं, काही विहिरींतून वासाचा गॅसही येतो. हायड्रोजन सल्फाइड. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेलं, की काही मिनिटांत नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मरते. मुलाला वाटतं, गेला वास, आता काही नाही. गॅस तिथेच असतो, कदाचित वाढलेलाही असतो. 500 ते 700 पीपीएमला माणूस पाचेक मिनिटांत कोसळतो आणि हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. ‘वास आला की पळा’ ऐकून वाढलेलं मूल वास थांबताच पळायचंही थांबेल, हा या सल्ल्यातला खरा घात आहे.

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. खड्ड्यात, नाल्यात, सखल जागी तो साचतो. मुलाचं नाक मोठ्या माणसाच्या नाकापेक्षा जमिनीच्या जवळ असतं आणि वजनाच्या मानाने मूल जास्त हवा आत घेतं. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या बापाला जेवढा गॅस बाधेल, त्याहून अधिक मुलाला बाधू शकतो.

मग सांगायचं काय? वास येवो न येवो, या यंत्रांपासून लांबच राहायचं. कधी वास आलाच, डोळे चुरचुरले किंवा फुस्स असा आवाज ऐकू आला, तर वारा कुठून येतोय ते बघायचं: झाडाची पानं, धूर, अंगावरचे कपडे कुठे उडतात त्यावरून. वाऱ्याला आडवं होत बाजूला निघायचं आणि मग वारा जिकडून येतो त्या दिशेला जायचं. उंचावर, सखल भागात नाही. गळतीतूनच वाट काढून पलीकडे जायचं नाही. हे एकदा मैदानावर खेळ म्हणून करून घेतलं की सात-आठ वर्षांच्या मुलालाही जमतं.

यातला सगळ्यात अवघड धडा वेगळाच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा शब्दही नाही. सोबतचा मित्र कोसळला तर त्याला उठवायला जायचं नाही. आपण मुलांना आयुष्यभर उलटं शिकवतो, म्हणून हे स्पष्ट शब्दांत आणि कारणासकट सांगावं लागतं. अशा अपघातांत वाचवायला धावलेला माणूसही तिथेच पडतो. मुलांना सांगा: आधी लांब पळ, मग जोरात ओरड, मग मोठ्या माणसाला बोलाव, मित्राला वाचवण्याचा रस्ता हाच आहे. हे ऐकून मूल हमखास विचारतं, “आणि तो मेला तर?” विषय बदलू नका. तूही पडलास तर त्याच्यासाठी मदत आणणारं कोणी उरत नाही, हे उत्तर मुलांना पटतं.

“काडी पेटवली नाही तर आग लागत नाही.”

कच्च्या तेलातून वाफा सुटत राहतात आणि टाकीच्या माथ्यावरच्या झाकणातून बाहेर येतात. बहुतेक वाफा हवेपेक्षा जड, म्हणून टाकीवरून खाली उतरून जमिनीलगत पसरतात. पेटायला काडीच लागते असं नाही. कपड्यांवरची स्थिर वीज, साधी टॉर्च, गाडीचं इंजिन, फोन, यांतलं काहीही ठिणगी देऊ शकतं. तेलासोबत निघालेल्या पाण्याची टाकी ‘नुसत्या पाण्याची’ म्हणून सुरक्षित समजतात, तेही चूक. त्या पाण्यावर तेलाचा थर असतो आणि वर वाफ.

आणि आग लागलीच नाही, तरी? अमेरिकेत 2010 ते 2014 या काळात टाकीचं झाकण उघडून हाताने तेलाची पातळी मोजताना किंवा नमुना घेताना 9 कामगार मेल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणांनी केली आहे. वाफा आणि ऑक्सिजनची कमतरता हे त्यामागचं संभाव्य कारण. ही शिकलेली, सरावलेली माणसं होती. 10 जून 1999 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये पाइपलाइन फुटून सुमारे 9 लाख लिटर पेट्रोल ओढ्यात वाहिलं. नंतरच्या आगीत दहा-दहा वर्षांची दोन मुलं गेली. पण तिथेच मासे पकडत असलेला 18 वर्षांचा मुलगा आगीने गेला नाही. वाफांनी शुद्ध हरपून तो पाण्यात पडला आणि बुडाला.

“यंत्र बंद असेल तर धोका नाही.”

पंपजॅक लहान मुलाला सी-सॉसारखा दिसतो, त्यामुळे त्यावर चढावंसं वाटणं साहजिकच. पण हे पंप बरेचदा टायमरवर किंवा आपोआप चालू-बंद होणाऱ्या नियंत्रकावर चालतात. थांबलेला पंप भोंगा वगैरे न वाजवता सुरू होऊ शकतो, आणि त्याची फिरणारी वजनं काही टनांची असतात. ‘बंद’ हा शब्दच मुलांशी बोलताना वापरू नये. ‘आत्ता थांबलेला’ म्हणावं.

“कुंपण असतं, पाट्या असतात” आणि “मोठ्या मुलांना कळतं.”

हे दोन दावे एकत्र घेतो, कारण दोन्ही एकाच घटनेने मोडतात. 31 ऑक्टोबर 2009 रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या कार्न्स इथे तेलाच्या टाकीचा स्फोट होऊन 16 आणि 18 वर्षांची दोन मुलं मेली. जागेला कुंपण नव्हतं, धोक्याची पाटी नव्हती. आसपासची मुलं तिथे नेहमी गप्पा मारायला बसायची. चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्ड या अमेरिकी सरकारी संस्थेने मग मागच्या नोंदी काढल्या, तेव्हा 1983 पासूनच्या अशाच 26 घटना सापडल्या. त्यांत 44 मृत्यू, 25 जखमी, सगळे पंचविशीपर्यंतचे.

पाळण्यातलं पोर टाकीची शिडी चढत नाही. चढतो तो सोळा वर्षांचा मुलगा, आणि त्याला ‘हात लावू नको’ म्हटलं तर तो हसेल. त्याला मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की पेटतो आणि पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपासच पेटू लागते, हे सांगा. त्याला कार्न्स सांगा. ज्या वयाला मेसेज ‘कळतं’ म्हणून सोडून देतो, त्याच वयाशी सर्वांत जास्त बोलायला हवं.

पाइपलाइनचं तर बोलायलाच नको, ती दिसतही नाही. 19 ऑगस्ट 2000 च्या पहाटे न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ नदीकाठी एक कुटुंब तंबू ठोकून झोपलं होतं. सुमारे 200 मीटरवर गॅसची पाइपलाइन आतून गंजून फुटली. लहान मुलांसह 12 जण गेले. वाटेवरचे मार्कर खांब पाइप साधारण कुठून जातो एवढंच सांगतात, नेमकी जागा किंवा खोली नाही. मुलांना ते खांब ओळखता यावेत, आणि आसपास खणायचं नाही, मुक्काम करायचा नाही, हे त्यांना माहीत असावं.

“शिकवलं तर कुतूहल वाढतं.”

यात थोडं तथ्य आहे, तेही चुकीच्या शिकवणीबाबत. स्फोटाचे व्हिडिओ दाखवून हादरवलं तर काही मुलं खरंच बघायला जातील. पण कुतूहल आपल्या गप्प बसण्याने कमी होत नाही. डुलणारा पंप आणि जळती फ्लेअर (नको असलेला गॅस जाळणाऱ्या उंच नळीची ज्योत) त्यांना रोज दिसतेच. त्यापेक्षा रस्त्यावरून लांबूनच एकेक वस्तू दाखवा: ही टाकी, तो व्हॉल्व्ह, ती फ्लेअर, हा का हलतो, त्यात काय आहे. प्रश्नाचं उत्तर घरीच मिळालं की आत शिरायचं एक कारण तरी कमी होतं.

कुंपण, कुलूप, टाकीच्या झाकणाला अडसर ही जबाबदारी कंपनीची, याबद्दल दुमत नाही. सेफ्टी बोर्डानेही तेच सुचवलं. फाटक उघडं दिसलं किंवा कुलूप तुटलेलं असलं तर फाटकावरच्या पाटीवरचा नंबर लांब गेल्यावर फिरवायचा, फाटकाशी उभं राहून नाही. ही खबर बहुतेक वेळा मुलंच घरी आणतात, कारण त्या बाजूला तीच भटकत असतात. अशा वेळी “तू तिकडे गेलासच कशाला?” हा प्रश्न निदान त्या दिवशी विचारू नका. ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी तिकडे जाईलच, फक्त घरी सांगणार नाही.