कोट, टाय आणि दोन ब्रास वाळू

गेल्या मंगळवारी डबा खाताना मोबाइल वाजला. आमच्या फाउंड्रीतून चाकणला गेलेल्या एका पोरानं लिंक्डइनवर माझ्या कौशल्याला पाठिंबा दिला होता. कौशल्य कुठलं, तर मायक्रोसॉफ्ट वर्ड.

शिरोली एमआयडीसीत 2003 पासून मी ओतकामात आहे. वर्डमध्ये आजवर एक रजेचा अर्ज आणि सोसायटीच्या पाण्याची एक तक्रार एवढंच टाइप केलंय, आणि तक्रार करून पाणी आलेलं नाही. या पोराला व्हर्निअर धरायला मी शिकवलं. झीरो एरर न बघता रीडिंग लिहायचा. आता तो मला सर्टिफिकेट देतोय, तेही वर्डचं!

गंमत बघा, लिंक्डइनसुद्धा 2003 च्या मे महिन्यातच सुरू झालं. म्हणजे आम्ही दोघं एकाच बॅचचे. त्याला 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं 26 अब्ज डॉलरपेक्षा जास्त मोजून विकत घेतलं. त्याच वर्षी माझा पगार 750 रुपयांनी वाढला. म्हणजे वर्डचा मालक तोच, साइटचा मालक तोच आणि सर्टिफिकेट मला.

पुण्यात एचआरला असलेल्या पुतणीला फोन केला. ती म्हणाली, “काका, त्याची काय चूक? तुमचं प्रोफाइलच तसलं आहे. आधी तो फोटो बदला.” फोटो मेहुण्याच्या लग्नातला. डोक्यावर फेटा, कपाळाला अक्षता आणि खांद्यावर कोपरापासून कापलेला एक हात. हात मेहुण्याचा. मेहुण्याला मी कापला होता, हात निघाला नाही.

म्हणून शनिवारी महाद्वार रोडला एका फोटो स्टुडिओत गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मा उत्साह संपला होता. आत बाकड्यावर एक आबा बसलेले. कडक इस्त्रीचं धोतर, पायात करकरणारं कापशी पायताण. मी शेजारी टेकलो न टेकलो तोच म्हणाले,

“काय पावणं, लगीन जमालंय का?”

“नाही वो आबा. नोकरीसाठी फोटो पाहिजे.”

“सध्या रिकामं हायसा व्हय?”

“नाही, नोकरी आहे की.”

“मग नोकरी असताना नोकरीसाठी फोटो? बायकू घरात असताना स्थळं बघितल्यावानी झालं की ह्ये.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय बदलावा म्हणून विचारलं, “तुम्ही कशासाठी आलाय?”

“मेल्यावर फ्लेक्सला लागतोय न्हवं.”

मी गप्प. आबा मात्र निवांत होते. त्यांच्या थोरल्या भावाच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पोरांनी म्हणे रेशनकार्डावरचा फोटो लावला होता. “धा दिवस चौकात, रॉकेलच्या रांगंत उभारल्यागत बघत हुता बिचारा. पोरांचा काय नेम न्हाई. आपला आपुन काढून ठेवल्याला बरा.”

मग त्यांनी माझा मोबाइल मागितला. पहिला फोटो कसला आहे, ते बघायचं होतं त्यांना. मी प्रोफाइल उघडून दाखवलं. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल लांब धरला आणि एकदम माझ्याकडे वळून बघितलं.

“हार घातलाय की ह्यो!”

माझ्या फोटोभोवती हिरवं कडं होतं. काम शोधतोय हे जगाला सांगायची ती सोय आहे. मी ते चुकून दाबलं होतं आणि काढायचं कसं ते सापडत नव्हतं. हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “व्हय, पण जित्तेपणी कशाला?”

तेवढ्यात फोटोग्राफरनं मला आत बोलावलं. स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून डावीकडं वळवली, परत उजवीकडं वळवली, आणि “सर, हसू नका, पण हसरे दिसा” असं काहीतरी सांगितलं. दोन मिनिटांत काम संपलं. मग कॉम्प्युटरवर त्यानं माझं मुंडकं उचललं आणि विचारलं, “कोट निळा घालू का काळा?”

मी निळा म्हणालो. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय असं एक बिनडोक्याचं धड त्याच्याकडे तयारच होतं. त्यावर माझं डोकं बसलं. इतकं चपखल बसलं, की जन्मात पहिल्यांदा मला मान आहे असं वाटलं. मागून आबांचा आवाज आला, “मलाबी त्योच घाल रं. पावण्यास्नी शोभालाय.”

आणि त्यानं घातला. माझ्या डोळ्यांदेखत माझं डोकं काढून त्याच धडावर आबांचं बसवलं. पांढऱ्या मिशा, लाल टाय. खरं सांगतो, आबाच जास्त मॅनेजर दिसत होते.

आपल्याकडे ही प्रोफाइलची भानगड नवी नाहीच. चौकाचौकात फ्लेक्स असतात, ते काय आहे? वर मोठा फोटो, खाली ‘भावी नगरसेवक’, गॉगल, आणि कडेनं पन्नास शुभेच्छुकांची मुंडकी. कनेक्शन म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की फ्लेक्सवाला ‘भावी’ लिहितो. निदान झालेलो नाही हे कबूल करतो. लिंक्डइनवर तेवढीसुद्धा लाज कुणी ठेवत नाही.

रात्री जेवून प्रोफाइल भरायला बसलो. नावाखालच्या मथळ्याला 220 अक्षरं, स्वतःबद्दल सांगायला 2600. नमुना म्हणून त्या पोराचं पान उघडलं आणि तिथंच चूक झाली. त्यानं लिहिलं होतं, ‘फाउंड्री ट्रान्सफॉर्मेशन लीडर. पावसाळ्यातलं रिजेक्शन निम्म्यावर आणणाऱ्या टीमचं नेतृत्व.’

तो पावसाळा मला आठवतो. ओतलेले जॉबवर जॉब ब्लोहोल, म्हणजे पोटात हवेची भोकं, घेऊन बाहेर पडत होते. भट्टीवाले मोल्डिंगकडं बोट दाखवायचे, मोल्डिंगवाले भट्टीकडं. मी तीन रात्री मिक्सरजवळ उभा होतो. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं, की तापल्या लोखंडाखाली त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती जॉबमध्येच घर करते. दर घाण्याला मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मोडून बघायची. कड स्वच्छ तुटली, बोटाला ओल चिकटली नाही, की सोडायची. मशीनचा आकडा नंतर यायचा आणि बहुतेक वेळा माझ्या मुठीशी जुळायचा. हे पोरगं शेजारी रजिस्टर धरून उभं असायचं. दुसऱ्या रात्री तर रजिस्टर उशाला घेऊन झोपलं होतं, मीच त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं.

ते आज लीडर आहे. त्याचं मला काही नाही, असं मी बायकोला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती टीव्हीचा आवाज वाढवत होती. पण गेल्या वर्षी एका कंपनीनं मला मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही, “सर, तुमचं ऑनलाइन फारसं काही दिसत नाही” म्हणून. वाळू ऑनलाइन कशी दाखवायची? कौशल्यांच्या यादीत ‘मूठ’ असं टाकून बघितलं. यादीनं ‘मोटिव्हेशन’ सुचवलं.

निघताना आबांनी विचारलं होतं, “तुमास्नी नेमकं येतंय काय?” मी म्हणालो होतो, “वाळूतलं कळतं, आबा.” “मग तसंच लिवा की. भावी-बिवी काय घालू नका.”

शेवटी तेच लिहिलं. ‘वीस वर्षांहून जास्त वाळूत. माल बघताक्षणी ओळखतो.’ निळ्या कोटातला फोटो लावला, हिरवं कडं धडपड करून घालवलं आणि झोपलो.

सकाळी साडेसहाला पुतणीचा फोन. “काका, आधी ते काढा! वाळूचोर वाटताय. त्यात परत तो टाय!”

काढायला म्हणून उघडलं तर मेसेज येऊन पडला होता. इतक्या वर्षांत अनोळखी माणसाचा पहिलाच. कुणीतरी बिल्डर, कळंब्याचा.

“नमस्कार साहेब. 2 ब्रास पाहिजे. रात्रीची पोच मिळंल का?”