काकांनी पंगतीत जागा बदलली
म्युच्युअल फंड विकण्याच्या धंद्यावरच्या एका लेखात म्हटलंय, नवीन सल्लागाराने (म्हणजे फंड विकणाऱ्या एजंटने) नातेवाईक-मित्रांपासून सुरुवात करावी. मी तेच केलं आणि वर्षभर लग्नकार्यात लोक मला टाळायला लागले, एका काकांनी तर खरंच पंगतीत जागा बदलली 😄 फंड विकायला लागते ती एनआयएसएमची परीक्षा ५० टक्क्यांना पास होते, एआरएन (एजंटचा नोंदणी) नंबरही मिळतो, ते काय अवघड नाही हो. अवघड आहे ते पहिली दोन-तीन वर्षं घर चालवणं. २०१८ मधे सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने) अपफ्रंट, म्हणजे सुरुवातीलाच एकरकमी मिळणारं कमिशन बंद केलं, आता ट्रेलच, म्हणजे पैसे फंडात असेपर्यंत थोडं थोडं मिळणारं. कोणी दरमहा २००० ची एसआयपी (दर महिन्याला फंडात ठराविक रक्कम) लावली तर वर्षात जमणार २४ हजार, त्यावर पाऊण टक्का धरला तरी महिन्याला १५ रुपये, एक कटिंग! म्हणून मी विम्याचं काम सोडलं नाही. खरी गाडी सुरू झाली मार्च २०२० ला, मार्केट कोसळलं तेव्हा मी स्वतःहून एकेकाला फोन लावला, एक रिटायर्ड मास्तर तासभर नुसते चिडून बोलले पण एसआयपी थांबवली नाही आणि पुढे त्यांनीच शाळेतले चार जण पाठवले. आणि हो, डायरेक्ट प्लॅनचा (एजंटशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायचा, कमिशन नसलेला) विषय गिऱ्हाइकाच्या आधी आपणच काढायचा, आपल्याला किती मिळतात तेही सांगायचं. काही जण जातात, जाऊ देत.