झिंबाब्वे बुडाला आणि मिशनऱ्यांचं फावलं?

‘झिंबाब्वेची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा मिशनरी डॉलरच्या थैल्या घेऊन उतरले आणि भुकेल्यांना धान्य दाखवून त्यांनी अख्खा देश ख्रिस्ती केला.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. सोबत शंभर ट्रिलियनच्या नोटेचा फोटो. नोट खरी आहे, जानेवारी 2009 मधली. बाकीचं बघू.

‘अख्खा देश ख्रिस्ती केला.’ कधी? लंडन मिशनरी सोसायटीनं इन्याती इथं ठाणं मांडलं 1859 मध्ये. संकटाच्या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले रॉबर्ट मुगाबे स्वतः कुटामाच्या जेझुइट (कॅथलिक) मिशन शाळेत शिकले. संकट येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले बहुसंख्य लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. शिवाय पांढरे झगे घालून उघड्यावर प्रार्थना करणारे जे अपोस्टोलिक ख्रिस्ती पंथ तिथं जागोजागी दिसतात, ते 1930च्या दशकात स्थानिक माणसांनीच उभे केले. परदेशी मिशनऱ्यांशी त्यांचा फारसा संबंध नाही.

‘डॉलरच्या थैल्या.’ इथे मजकूर लिहिणाऱ्यानं महागाई म्हणजे काय हे समजूनच घेतलेलं नाही. जुलै 2008 मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई 23 कोटी टक्क्यांच्या वर होती. बाहेरून आलेला डॉलर बँकेत सरकारी दरानं मोडला, तर हातात चिल्लर पडायची. काळ्या बाजारात मोडला, तर गुन्हा. आणि खात्यात तसाच ठेवला, तर तो आपलाच राहील याची खात्री नाही: एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी मदत देणाऱ्या ग्लोबल फंडाचे 70 लाखांहून अधिक डॉलर झिंबाब्वेच्या रिझर्व्ह बँकेकडे अडकले, ते बोंबाबोंब झाल्यावर नोव्हेंबर 2008 मध्ये परत मिळाले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर रानातल्या मिशनचा हिशेब कसा चालत असेल?

‘धान्य दाखवून.’ परदेशी मदतीच्या धान्याचा मोठा भाग जागतिक अन्न कार्यक्रमाचा होता. सरकारी धान्य मंडळाचा मका सत्ताधारी पक्षाचं कार्ड बघून दिला जातो, अशा तक्रारी मानवाधिकार संघटनांनी नोंदवल्या. 4 जून 2008 ला, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, सरकारनं मदत संस्थांचं गावोगावचं काम बंदच करून टाकलं. ती बंदी ऑगस्टअखेर उठली. भुकेचा वापर झालाच नाही असं नाही, पण या प्रकरणात बोट मिशनऱ्यांकडे दाखवायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

मग मिशनरी करत काय होते? मुख्यतः दवाखाने चालवत होते. नोव्हेंबर 2008 मध्ये राजधानी हरारेतली परिरेन्यात्वा आणि हरारे सेंट्रल ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं जवळपास ठप्प झाली. औषधं नव्हती, पाणी नव्हतं आणि नर्सचा पगार कामावर यायच्या बसभाड्यालाही पुरत नव्हता. त्याच वेळी पटकी (कॉलरा) पसरली होती. त्या साथीत 4,000हून जास्त माणसं गेली. कारांडा, हॉवर्ड अशी खेड्यांतली मिशन रुग्णालयं मात्र कशीबशी चालू राहिली.

त्यातल्या चिडामोयोच्या रुग्णालयाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. 2009 मध्ये देशानं आपलं चलन सोडून अमेरिकन डॉलर वापरायला सुरुवात केली, पण खेड्यातल्या शेतकऱ्यानं तो आणायचा कुठून? म्हणून रुग्णालय फीच्या बदल्यात भुईमूग, मका, कोंबड्या, शेळ्या घेऊ लागलं. भुईमूग दळून त्याचं पीनट बटर व्हायचं आणि तेच रुग्णांना सकाळच्या न्याहारीला मिळायचं. धान्य वाटून माणसं ओढल्याचा आरोप, आणि इथे धान्य उलट्या दिशेनं चाललंय!

आता, चर्चवाले सगळे धुतल्या तांदळासारखे होते असं माझं म्हणणं नाही. गोऱ्या राजवटीत मिशनांनी जमिनी मिळवल्या, हे खरं आहे. उपचार घेणाऱ्यापुढे धर्माची गोष्ट काढावी का, हा प्रश्नही रास्तच आहे, आणि तो संकट नसतानाही विचारायला हवा. पण संकटाच्या काळात चर्चवाल्यांनी केलेल्या गैरप्रकाराचं ठळक उदाहरणच हवं असेल, तर हरारेचे तेव्हाचे अँग्लिकन बिशप नोल्बर्ट कुनोंगा घ्या. मुगाबेंचे खंदे समर्थक. 2007 मध्ये ते मूळ चर्चपासून फुटले आणि चर्चच्या इमारती त्यांनी ताब्यात ठेवल्या. पोलिसांनी भाविकांना त्यांच्याच चर्चमधून बाहेर काढलं. त्या इमारती मूळ चर्चला परत मिळाल्या 2012 च्या नोव्हेंबरात, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. यात ना परदेशी मिशनरी आहे, ना डॉलरची थैली. म्हणूनच बहुधा तो किस्सा कुणी फॉरवर्ड करत नाही.