'नाइस' मुळात नाइस नव्हताच!

शब्दांचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असं सांगणारा एक लेख वाचला. त्या लेखात इंग्रजी 'नाइस' म्हणजे 'छान, चांगला' एवढं सांगून विषय संपवलाय, पण खरी गंमत पुढेच आहे. मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियुस', म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा कुणाला 'नाइस' म्हणणं म्हणजे सरळ मूर्ख म्हणणं होतं. मग अर्थ घसरत (की चढत?) गेला: लाजाळू, नखरेल, चोखंदळ, काटेकोर. आजचा 'छान' रुळला तो थेट 18व्या शतकात. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, बारीक फरक. तिथे जुना अर्थ अजून तग धरून आहे. आणि 'नेस्कियुस'मधला जाणण्याचा धातू तोच, जो 'सायन्स'मध्ये आहे!

'सिली'चा प्रवास नेमका उलटा. आधी भाग्यवान, धन्य, मग भोळा, बिचारा, शेवटी बावळट. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झेलिग' मात्र अजून धन्यच आहे.

आपल्याकडे 'साहस' बघा. जुन्या संस्कृत धर्मशास्त्रात तो बळजबरीचा गुन्हा, मराठीत मात्र कौतुकाचा शब्द. त्यामुळे 'मूळ अर्थ तोच खरा अर्थ' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही.