‘क्रोमियम तर दगडातलंच’ : अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं

सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचं म्हणणं असं: भूजलातलं क्रोमियम दगडातून येतं, ते नैसर्गिक आहे, शरीराला हवंच असतं; खाणी-कारखान्यांना उगाच झोडपू नका. शंका असेल तर पाणी उकळून प्या.

‘दगडातून येतं.’ येतं, नाकारायचं कारण नाही. सर्पेंटिनाइटसारख्या खडकात क्रोमियम भरपूर असतं, पण त्रिसंयुजी (Cr-III) रूपात, म्हणजे पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. मातीतल्या मँगनीज ऑक्साइडशी गाठ पडली की त्याचं षट्संयुजी (Cr-VI), म्हणजे विरघळणारं आणि विषारी, क्रोमियम होतं आणि तेच पाण्याबरोबर वाहतं. कॅलिफोर्निया, इटली, ग्रीसमध्ये असं नैसर्गिक क्रोमियम भूजलात सापडलंय.

मात्र यासाठी ओडिशातल्या सुकिंद्याचा दाखला देऊन खाणींना मोकळं सोडणं ही चलाखी झाली. देशातला ९० टक्क्यांहून जास्त क्रोमाइटचा (क्रोमियमच्या खनिजाचा) साठा तिथे आहे, हे खरं. पण जमिनीत दबलेला खडक उघड्या खाणीत फोडला जातो, वरची माती ढिगांनी रचली जाते आणि खाणीतून उपसलेलं, ढिगांतून झिरपलेलं पाणी दमसाला नाल्याला मिळतं. हे पाणी सोडण्याआधी षट्संयुजीचं त्रिसंयुजी करायला त्यात फेरस सल्फेट घालावं लागतं, ते काय हौस म्हणून?

कानपूर देहातमधल्या रनियात तर हा बचाव उभाच राहत नाही. तिथे जमिनीखाली गंगेच्या मैदानाचा गाळ आहे, क्रोमाइटचा खडक नाही. कातडी कमावण्यासाठी लागणारं बेसिक क्रोम सल्फेट बनवणाऱ्या कारखान्यांचा कचरा तिथे १९७६ पासून पडून होता. या धंद्यात क्रोमाइट सोड्याबरोबर भाजतात. उरलेल्या चोथ्यात षट्संयुजी क्रोमियम राहतं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. (‘सगळं टॅनऱ्यांमुळे’, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांमुळे, हेही ढोबळच. त्यांच्या सांडपाण्यातलं क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुजी असतं.)

‘शरीराला हवंच.’ तेही त्रिसंयुजीबद्दल म्हणतात, आणि त्यावरही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. षट्संयुजी कर्करोगकारक आहे, मग ते डोंगरातून येवो की कारखान्यातून. भारतीय मानकातली लिटरला ०.०५ मिलिग्रॅम एकूण क्रोमियमची मर्यादाही उगम विचारत नाही.

उकळण्याचा सल्ला तर उलटाच. वाफ पाण्याची होते, क्रोमियम पातेल्यातच राहतं. तुरटीनेही षट्संयुजी जात नाही. आरओने बरंच कमी होतं, पण आधी प्रयोगशाळेत तपासणी हवी. रंगावरून ओळखू म्हणाल, तर पाणी पिवळं दिसेपर्यंत ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.