हॉट-प्लग म्हणे, डोंबल!

"लिनक्सवर चालतं" असं खोक्यावर छापणाऱ्या माणसाला मला एकदा समोर बसवायचंय. चालतं म्हणजे नक्की काय चालतं रे बाबा?

जुन्या लॅपटॉपला यूएसबी ३ नाही, बाजूला एक्सप्रेसकार्डचा स्लॉट (जादा कार्ड सरकवायची खाच) रिकामा पडलाय, म्हणून दोन पोर्टचं यूएसबी ३ कार्ड घेतलं. मशीन चालू असताना आत सरकवलं. खट् करून बसलं. आणि पुढे? ठणठण गोपाळ! डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) एक ओळ नाही, एलएसपीसीआयमध्ये (जोडलेल्या कार्डांच्या यादीत) नाव नाही. तेच कार्ड आत ठेवून रीबूट करा, लगेच हजर! म्हणजे कार्ड धड, ड्रायव्हरही धड. एक्सप्रेसकार्ड मुळात चालू मशीनला लावता-काढता यावं (हॉट-प्लग म्हणतात ते हेच) म्हणूनच बनवलंय, आणि नेमकं तेवढंच होत नाही.

कारण बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. बूट होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला विचारतं, हॉट-प्लग मी सांभाळू का? आमचं बायॉस म्हणतं, नाही, ते माझ्याकडेच राहू दे. बरं राहू दे, मग सांभाळ की! तेही नाही. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही, अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.

मग करा उठाठेव. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जोडायच्या यंत्रणेच्या, रीस्कॅन फाइलीत १ लिहा. कधी कार्ड सापडतं, कधी ब्रिजमागे (स्लॉटला मशीनशी जोडणाऱ्या दुव्यामागे) मेमरीची जागाच राखलेली नसते आणि लॉगमध्ये 'नो स्पेस' येतं. शेवटी ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रामात, पीसीआयई (पीसीआय एक्सप्रेस) पोर्ट्स 'नेटिव्ह' केले, म्हणजे बायॉसची परवानगी धाब्यावर बसवली. कार्ड दिसायला लागलं, खोटं कशाला बोलू. पण झाकण मिटून परत उघडलं की "होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पॉंडिंग, अझ्यूम डेड". डेड! आणि डिस्क माउंट केलेली असते हो! बसा मग एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्ती, चालवत.

वर ते खोक्यावरचं ५ गिगाबिटचं कौतुक. अरे, या पिढीच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन, तीही २.५ गिगाची. कागदावरसुद्धा सेकंदाला २५० मेगाबाइटच्या वर जात नाही. आणि यूएसबीला लागणारे ५ व्होल्ट स्लॉट देतच नाही, ३.३ आणि १.५ देतो. म्हणून बाहेरची डिस्क नुसती टिकटिक करते, फिरत नाही. कार्डाच्या कडेला एक बारीक गोल भोक आहे, त्यात वेगळा अडॅप्टर लावायचा. तो अडॅप्टर खोक्यात नाही!

दुकानदार म्हणतो, बायॉस अपडेट करा. लॅपटॉपवाले म्हणतात, या मॉडेलचा सपोर्ट संपला. आणि आमचे जाणकार मित्र? "डिस्ट्रो बदलून बघ ना." अहो, डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एक अवतार, तो बदलून बायॉस बदलतं का? वॉलपेपर बदलेल फार तर!

आणि "नवा लॅपटॉपच घेऊन टाक" म्हणणाऱ्यांनो, पैसे पाठवा, उद्याच घेतो.